दुसऱ्याच्या कर्जाची नोटीस आपल्या दारात : या चुका टाळा

ठाण्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मी १४ वर्षे मानद सचिव आहे. या काळात कधीही ओळख नसलेल्या माणसाच्या नावाने आलेले वसुलीचे पत्र हातात धरून माझ्या दाराशी आलेले किमान वीस-पंचवीस रहिवासी मी पाहिले. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट तीच असते. भाडेकरू घर सोडून जातो, पण भाडेकराराच्या आधारे त्याने आधार कार्डावर घातलेला पत्ता तो स्वतः बदलत नाही तोवर तसाच राहतो आणि कर्जाच्या अर्जावरही तोच पडतो. कर्ज थकले की पत्रे त्या पत्त्यावर येऊ लागतात. त्या कर्जाची जबाबदारी कर्जदारावर, सहकर्जदारावर आणि जामीनदारावर असते. त्या घरात आज राहणाऱ्या माणसावर ती येत नाही. एवढे कळूनही लोक घाईने जे करतात, त्यामुळे साधा विषय महिनोन्‌महिने चिघळतो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे पोस्टमनला 'मी हे घेणार नाही' असे सांगणे. ऐकायला हे बाणेदार वाटते, पण पोस्टमन पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारतो, आणि कायद्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा होतो की ती व्यक्ती या पत्त्यावर आहे, मात्र पत्र स्वीकारत नाही. योग्य पत्त्यावर पाठवलेले आणि नाकारलेले टपाल पोहोचले असेच न्यायालये सर्वसाधारणपणे धरतात.

आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरील एका निवृत्त शिक्षिकेच्या बाबतीत नेमके हे घडले. त्यांचा भाडेकरू गेल्यावर त्या स्वतः तेथे राहायला आल्या होत्या. एका वित्तसंस्थेच्या वकिलाची नोटीस आली, तेव्हा त्यांनी सरळ नकार दिला. दुसरी आली, तेव्हा त्या गावी होत्या आणि आमच्या पहारेकऱ्याने नेहमीच्या सवयीने सही करून ती घेतली. पुढे काही महिन्यांनी न्यायालयाचा बेलिफ समन्स घेऊन आला आणि बाई बाजारात गेलेल्या असल्यामुळे त्याची प्रत दारावर चिकटवून गेला. परत आल्यावर अख्ख्या मजल्यासमोर ते वाचताना त्यांचे हात थरथरत होते. तो दिवस मी विसरलेलो नाही. आम्ही नोंदणीकृत भाडेकराराची प्रत, देखभाल शुल्काची त्यांच्या नावाची पावती आणि संस्थेच्या शिक्क्याचे पत्र जोडून न्यायालयाच्या कार्यालयाला व त्या वकिलांना लेखी कळवले, तेव्हा कोठे ते थांबले. हेच पत्र पहिल्या नोटिशीच्या वेळी गेले असते, तर दारावर कागद लागलाच नसता.

म्हणून माझी सवय ठरलेली आहे. सहीचे टपाल आले तर पोस्टमनला शांतपणे सांगावे, 'काका, हे येथे राहत नाहीत, घर सोडून गेले आहेत', आणि तसाच शेरा आपल्यासमोर लिहून घ्यावा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले असले, तरी शेऱ्याचे महत्त्व कमी झालेले नाही. साधे पाकीट पेटीत पडले असेल, तर दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढावे, संदर्भ क्रमांक न खोडता 'सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही, पाठवणाऱ्यास परत' असे लिहावे आणि ते पुन्हा टपालात टाकावे. मी तारखेसह वहीत नोंदही करतो. पाकीट उघडू नये, कारण ते आपले नाही. पहारेकऱ्याला मात्र लेखी सूचना द्यावी : रहिवाशांच्या यादीत नसलेल्या नावाचे काहीही घ्यायचे नाही.

दुसरी चूक घाबरण्यातून होते. पहिलेच घर घेतलेल्या एका तरुणाने दारात आलेल्या वसुली प्रतिनिधीला 'पत्ता बंद करण्यासाठी' म्हणून २,००० रुपये त्याच्या वैयक्तिक खात्यावर पाठवले आणि पडताळणीसाठी आधार व पॅनच्या प्रतीही दिल्या. असे कोणतेही शुल्क अस्तित्वात नाही. पुढच्या महिन्यात दुसराच प्रतिनिधी आला, कारण पैसे देणारा माणूस तेथे राहतो एवढेच त्यातून सिद्ध झाले होते. प्रतिनिधीकडून ओळखपत्र व बँकेचे अधिकारपत्र मागावे. ते जवळ बाळगणे त्याला बंधनकारक आहे. वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. आपण कोण हे दाखवायचेच असेल, तर देखभाल शुल्काचे बिल पुरेसे आहे, तेही हातात न देता.

ग्राहक सेवा क्रमांकावर एकदा फोन करून 'मी सांगितले होते' म्हणणाऱ्यांचा मला खरोखर थकवा आला आहे. थकलेले खाते एका वसुली संस्थेकडून दुसरीकडे जाते आणि त्यासोबत मूळ नोंदीतील जुना पत्ताही जातो. म्हणून पत्र एजंटला नव्हे, तर कर्ज देणाऱ्या बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, पाकिटावरील संदर्भ क्रमांक देऊन लिहावे आणि उत्तरासाठी ३० दिवस थांबावे. आठ दिवसांत पुन्हा एक पत्र आले म्हणून हातपाय गाळू नयेत; ते बहुधा आधीच छापून निघालेले असते.

नोटिशीचे छायाचित्र संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. जुन्या भाडेकरूचा नवा पत्ता दारातल्या अनोळखी माणसाला सांगू नये. न्यायालयाने किंवा पोलिसांनी विचारला तर गोष्ट वेगळी. आपल्या सिबिल स्कोअरची चिंता असेल, तर वर्षातून एकदा विनामूल्य मिळणारा अहवाल पाहावा, कारण केवळ पत्ता जुळल्याने दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर चढत नाही.

मात्र एक अपवाद गंभीरपणे घ्यावा. आपण भाडेकरू असाल किंवा जुने घर विकत घेतले असेल, आणि दारावर चिकटवलेल्या नोटिशीत आपल्याच सदनिकेचा उल्लेख तारण मालमत्ता म्हणून असेल, तर नाव परक्याचे असले तरी विषय आपल्या छपराचा आहे. तारण मालमत्तेतून थकीत कर्ज वसूल करण्यासाठीच्या २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार कर्जदाराला मागणी नोटीस देऊन ६० दिवसांची मुदत मिळते, त्यानंतर बँक ताब्याची कारवाई करू शकते, आणि त्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाण्यासाठी ४५ दिवस असतात. अशा नोटिशीवर 'येथे राहत नाहीत' असे लिहून ती परत पाठवू नये. तिचे छायाचित्र काढावे, तिच्यावरील तारीख लिहून ठेवावी, आणि खरेदीखत किंवा भाडेकरार घेऊन त्याच आठवड्यात वकिलांना गाठावे.