स्पीडवे रायडरचं ॲव्हरेज कसं काढायचं आणि कसं वाचायचं

स्पीडवेची स्कोअरशीट पहिल्यांदा हातात घेतली की रायडरच्या नावापुढे ९+२ असं काहीतरी दिसतं आणि बऱ्याच जणांची गाडी तिथेच अडते. पॉइंट ९ की ११? या एका प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की ॲव्हरेजचं अर्धं काम झालं समजा.

आधी थोडक्यात खेळ. स्पीडवे म्हणजे अंडाकृती मातीच्या ट्रॅकवरची मोटारसायकलची रेस. एका हीटमध्ये, म्हणजे एका रेसमध्ये, चार रायडर, चार लॅप, ५०० सीसीची बाइक, ब्रेक नाहीत आणि गिअर एकच. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, शेवटच्याला ०. ब्रिटन किंवा पोलंडच्या लीगमध्ये टीम मॅच असते तेव्हा प्रत्येक हीटला दोन्ही टीमचे दोन-दोन रायडर उतरतात आणि मॅच साधारण १५ हीटची असते.

आता बोनस पॉइंट. आपल्याच जोडीदाराच्या लगेच मागे, म्हणजे मध्ये समोरच्या टीमचा कोणी नसताना, दुसरा किंवा तिसरा आलात तर एक बोनस मिळतो. तो टीमच्या स्कोअरमध्ये धरत नाहीत, फक्त रायडरच्या खात्यात जातो. कारण साधं आहे, रायडरला पैसे पॉइंटवर मिळतात, मग बोनस नसता तर जोडीदार पुढे असताना मागच्याने त्यालाच ओव्हरटेक करायला बघितलं असतं, आणि टीमला ५-१ (पहिल्या-दुसऱ्याचे ३+२, समोरच्यांना १) मिळायचं सोडून दोघं एकमेकांत अडकून पडले असते. शीटवर हे स्टारने दाखवतात, २* किंवा १*. पण पहिला आपला, दुसरा समोरचा आणि तिसरा आपला असं झालं तर तिसऱ्याला बोनस नाही, नुसता १. नवीन माणूस इथेच सगळ्यात जास्त चुकतो, त्यामुळे स्टार टाकायच्या आधी मधला रायडर कोणाचा होता ते बघायचंच.

आता एक रायडर घेऊ, नाव नको. पहिल्या मॅचला त्याची ओळ ३, २*, १*, ३. पॉइंट ९, बोनस २, म्हणून ९+२. याला पेड ११ म्हणतात. ब्रिटिश पद्धतीत पॉइंट आणि बोनसची बेरीज करायची, राइडच्या संख्येने भागायचं आणि ४ ने गुणायचं. ४ ने अशासाठी की रायडरला मॅचमध्ये साधारण चार राइड असतात असं धरलेलं आहे, म्हणजे येणारा आकडा 'एका मॅचला किती' असा वाचता येतो. इथे ११ भागिले ४ गुणिले ४, म्हणजे ११.००. जास्तीत जास्त १२.०० होऊ शकतं, बोनस धरूनही त्याच्या वर नाही, कारण बोनस मिळायला कोणीतरी पुढे असावंच लागतं आणि एका राइडचे पेड पॉइंट ३ च्या वर जातच नाहीत.

दुसऱ्या मॅचला त्याच रायडरच्या पाच राइड झाल्या: २, पडला, ३, १*, २. म्हणजे ८+१, पेड ९, आणि ९ भागिले ५ गुणिले ४ म्हणजे ७.२०. आता दोन मॅचचं मिळून ॲव्हरेज किती? ११.०० आणि ७.२० ची सरासरी काढून ९.१० लिहायचा मोह होतो, मीपण पहिल्या सीझनला तेच केलं होतं आणि नंतर अख्खी वही परत करावी लागली. बरोबर पद्धत म्हणजे सगळे पेड पॉइंट एकत्र, सगळ्या राइड एकत्र: २० भागिले ९ गुणिले ४, ८.८९. ॲव्हरेजचं ॲव्हरेज कधीच काढायचं नाही, दर वेळी मूळ बेरजेवर जायचं. आणि बोनस सोडून बघितलं तर १७ भागिले ९ गुणिले ४, फक्त ७.५६, म्हणून माझ्या वहीत पॉइंट आणि बोनस हे दोन रकाने कायम वेगळे असतात. तगड्या हीट लीडरच्या, म्हणजे टीमच्या मुख्य रायडरच्या, जोडीला लागणाऱ्या रायडरला बोनसची संधी आपोआपच जास्त मिळते, तो आकडा वेगळा दिसला तरच समजतं की रायडर स्वतः किती जिंकतोय आणि किती मागे मागे येतोय.

पोलंडचे आकडे वाचताना गोंधळू नका. तिकडे ४ ने गुणत नाहीत, प्रत्येक हीटमागे किती ते तीन दशांशांपर्यंत देतात. २.२५० दिसलं तर ४ ने गुणा, ब्रिटिश भाषेत ते ९.०० झालं. दोन्हीकडे बोनस धरतात त्यामुळे तुलना करता येते, पण लीगची ताकद वेगळी असते हे डोक्यात ठेवायचं, नुसता गुणाकार करून कोण भारी ते ठरत नाही.

भागायच्या आकड्याकडे तर लोक लक्षच देत नाहीत, आणि चुका तिथेच सापडतात. पडला, इंजिन बंद पडलं किंवा रेफरीने बाहेर काढलं तर शून्य मिळतं आणि ती राइड मोजली जाते. हीट लाल दिव्याने थांबवून परत घेतली तर ती एकच राइड, रीरनचा निकालच खरा. ठरलेल्या रायडरच्या जागी दुसरा कोणी उतरला असेल तर ती राइड उतरलेल्याची. नुसतं ० लिहू नका, शेजारी एक अक्षर टाका, पडला की मशीन की बाहेर काढला, कारण सीझनच्या शेवटी दहा शून्यांपैकी सात इंजिनची निघाली तर तो रायडर स्लो नव्हता हे त्या अक्षरामुळेच कळतं. वर्ल्ड कपमध्ये जोकर राइडला पॉइंट डबल व्हायचे, ब्रिटनमध्येही काही वर्षं टॅक्टिकल राइडला डबल मिळायचे, जुन्या शीट भरताना असे पॉइंट मी निम्मे करूनच घेतो, ट्रॅकवर जितके कमावले तितकेच.

ग्रां प्रीचं, म्हणजे वैयक्तिक वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फेऱ्यांचं, वेगळं आहे. २० हीट, १६ रायडर, प्रत्येकाला ५ राइड, आणि प्रत्येक जण बाकीच्या पंधराही जणांना बरोबर एकेकदा भेटतो, फार सुंदर आखणी आहे ती. त्यानंतर फायनल, २०२४ पर्यंत तिच्याआधी सेमीफायनलही असायच्या. २०२० पासून चॅम्पियनशिपचे पॉइंट त्या रात्रीच्या अंतिम क्रमांकावर मिळतात, जिंकणाऱ्याला २०, त्यामुळे चॅम्पियनशिपच्या टेबलवरून हीट ॲव्हरेज निघत नाही, हीटनिहाय निकालच उघडायला लागतो. टेबल आणि ट्रॅक यांची फारकत जुनीच आहे म्हणा. १९३६ साली वेंब्लीला पहिली वर्ल्ड फायनल झाली, ब्लूई विल्किन्सन त्या रात्री पाचही राइड जिंकला, १५ पैकी १५, आणि तरी तिसरा आला, कारण आधीच्या फेऱ्यांतले बोनस पॉइंट (हे जोडीदाराच्या मागे आल्याचे नव्हेत) बेरजेत धरलेले होते. रन-ऑफ, म्हणजे बरोबरी सोडवायची जादा रेस, जिंकून चॅम्पियन झाला लायोनेल व्हॅन प्राग. विल्किन्सनला त्याचं टायटल १९३८ ला मिळालं. ते वाचलं की मला आजही वाईट वाटतं.

आकडा हातात आला की त्याची फोड करा. होम आणि अवे वेगळं काढा, ट्रॅकची लांबी आणि वळणं प्रत्येक ठिकाणी वेगळी असतात आणि घरच्या ट्रॅकवर ९ चा रायडर बाहेर ५ वर आलेला खूपदा दिसतो. मग कोणासमोर मिळवले ते बघा. ब्रिटनमध्ये दुसरी हीट रिझर्व्ह रायडरची, म्हणजे टीममधल्या कमी ॲव्हरेजच्या रायडरची, असते आणि पंधराव्या हीटला दोन्ही टीम आपले बेस्ट उतरवतात, पॉइंट दोन्हीकडे ३ च असतो पण एक दुसऱ्या रिझर्व्हला मागे टाकून मिळालेला आणि एक हीट लीडरला. रिझर्व्हमधून ६ चं ॲव्हरेज आणि वरच्या क्रमांकावरून ६ चं ॲव्हरेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये सातही रायडरच्या ॲव्हरेजची बेरीज ठरलेल्या मर्यादेत बसवूनच टीम बनवायची असते, म्हणून तिथले मॅनेजर सुधारत चाललेला कमी ॲव्हरेजचा रायडर शोधत असतात, आणि मागच्या आठ-दहा मॅचचं ॲव्हरेज वेगळं काढलं की असा रायडर तुम्हालाही दिसायला लागतो.

शेवटी ताळा. सगळ्या हीटमध्ये किमान तिघे फिनिश झाले असतील तर प्रत्येक हीटला ६ पॉइंट, १५ हीटचे ९०, दोन्ही टीमची बेरीज तेवढीच यायला हवी. रायडरचे पॉइंट बोनस सोडून मिळवले की टीमचा स्कोअर यायला हवा. नाही आला तर बहुतेक वेळा कुठेतरी बोनस पॉइंटमध्ये मिसळलेला असतो, स्टार असलेल्या राइडपासून शोधायला सुरुवात करा.