चेनसॉ घेताना: मधल्या दर्जाचा की व्यावसायिक?

चेनसॉ घ्यायला निघालेला माणूस दुकानात गेल्यावर बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतो तो इंजिन किती सीसीचे आहे हा. स्वस्तातल्या यंत्रांच्या खोक्यावरही हाच आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो. प्रत्यक्षात त्यावरून यंत्राच्या दर्जाविषयी फार थोडे कळते. स्टिल कंपनीचे मधल्या दर्जाचे, शेतीकामासाठीचे एमएस 271 आणि व्यावसायिकांसाठीचे एमएस 261 सी-एम ही दोन्ही यंत्रे 50.2 सीसीचीच आहेत. मात्र पहिल्याची शक्ती 2.6 किलोवॉट आणि पट्टी (जिच्या कडेने चेन फिरते ती) व चेन वगळून वजन 5.6 किलो आहे, तर दुसऱ्याची शक्ती 3.0 किलोवॉट आणि वजन 4.9 किलो. म्हणजे व्यावसायिक यंत्र तेवढ्याच सीसीत अधिक जोर देते आणि हाताला सातशे ग्रॅमने हलके लागते. म्हणून माहितीपत्रकात सीसीऐवजी किलोवॉट आणि किलो हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. ज्या यंत्राच्या पत्रकात ते धड दिलेलेच नाहीत, ते घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

जास्तीचे पैसे नेमके कशासाठी मोजायचे, हे यंत्र उघडल्यावर समजते. मधल्या दर्जाच्या पुष्कळ यंत्रांत इंजिन फायबरच्या सांगाड्यात बसवलेले असते आणि पिस्टनपर्यंत पोहोचायचे तर आख्खे इंजिन बाहेर काढावे लागते. व्यावसायिक यंत्राचा क्रँककेस (इंजिनाचे खालचे कवच) मॅग्नेशियमचा असतो आणि सिलिंडर वेगळा, बोल्टने बसवलेला असतो, त्यामुळे मिस्त्री वरचे आवरण काढून तेवढाच भाग बदलू शकतो. पट्टी-चेनवरच्या झाकणाचे नट झाकणातच अडकून राहतात, रानात गवतात पडून हरवत नाहीत. पट्टीला जाणारे ऑइल कमी-जास्त करण्याची सोय असते, हवेचा फिल्टर मोठा असतो आणि हातात येणारी थरथर कमी असते. ही शेवटची गोष्ट अर्ध्या तासाच्या कामात जाणवत नाही, पण रोज पाच-सहा तास यंत्र चालवणाऱ्याची बोटे काही वर्षांत पांढरी पडून बधिर होऊ शकतात, आणि तो त्रास एकदा जडला की सहजासहजी जात नाही.

तेव्हा निवड ठरते ती कामाच्या तासांवर. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या आणि सोसायटीच्या आवारातील झाडांसाठी यंत्र घेऊ पाहणाऱ्या वाचकाने आधी कायदा लक्षात घ्यावा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 नुसार खासगी जागेतील झाड तोडण्यासही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही या कायद्याच्या व्याख्येत तोडण्यातच मोडते. परवानगी घेऊन केलेली छाटणी आणि पावसाळ्यात कोसळलेल्या गुलमोहराच्या किंवा सोनमोहराच्या फांद्यांचे तुकडे, एवढेच काम अशा ठिकाणी उरते. त्यासाठी व्यावसायिक यंत्र घेणे म्हणजे पैसे अडकवून ठेवणे होय. लहान फांद्यांना बॅटरीवरचे यंत्रही पुरते आणि शेजाऱ्यांना आवाजाचा त्रासही कमी होतो.

मुळशी, भोर किंवा वेल्ह्याकडे शेत असेल, बांधावरची सुबाभूळ, गिरिपुष्प आणि निलगिरी अधूनमधून उतरवायची असेल आणि वर्षाकाठी काही आठवड्यांचेच काम असेल, तर (तिथेही झाडाची जात पाहून परवानगीची चौकशी करूनच) 45 ते 55 सीसीचे मधल्या दर्जाचे यंत्र आणि 16 किंवा 18 इंची पट्टी ही जोडी योग्य ठरते. 22 इंची पट्टीचा मोह टाळावा. कमी शक्तीच्या इंजिनावर लांब पट्टी लावली की चेन लाकडात मंदावते, माणूस यंत्र दाबू लागतो आणि क्लच तापतो. जाड ओंडका दोन्ही बाजूंनी कापता येतो.

ज्याचे पोट या कामावर आहे, म्हणजे वृक्षछाटणीचे कंत्राट घेणारा किंवा वखारीला ओंडके पुरवणारा, त्याने मात्र व्यावसायिक यंत्रच घ्यावे. शिरूर-बारामतीकडची जुनी बाभूळ आणि चिंच ही लाकडे दिवसभर कापताना मधल्या दर्जाचे इंजिन सतत पूर्ण ताणावर चालते. एक पथ्य त्यालाही आहे. आजच्या काही व्यावसायिक यंत्रांतील कार्ब्युरेटर इलेक्ट्रॉनिक असतो. पुण्याच्या सुमारे 560 मीटर उंचीवरून महाबळेश्वरच्या सुमारे 1,350 मीटरवर काम निघाले तरी तो हवा-पेट्रोलचे प्रमाण आपोआप जुळवून घेतो, पण तो बिघडला तर स्क्रू फिरवून भागत नाही, तपासणीचे उपकरण असलेले सर्व्हिस सेंटरच लागते. म्हणून पैसे देण्यापूर्वी असे सेंटर कुठे आहे आणि पिस्टन, ऑइल पंप, स्टार्टरची दोरी हे भाग तिथे मिळतात का, हे स्वतः जाऊन विचारावे.

झाडावर चढून एका हाताने धरता येतील अशी वरच्या मुठीची लहान यंत्रे ऑनलाइन सहज मिळतात. ती प्रशिक्षित आरोहकांसाठी असतात. जमिनीवरच्या घरगुती कामाला ती कधीही घेऊ नयेत. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की यंत्र क्षणार्धात चेहऱ्याकडे उसळते, आणि हा धोका कोणत्याही दर्जाच्या यंत्रात असतो. हेल्मेट, जाळीचा पडदा, कानाचे संरक्षण, मजबूत बूट आणि चेन अडकवून थांबवणारी विजार यांचा खर्च आधी बाजूला काढावा आणि उरलेल्या पैशांत यंत्राचा दर्जा ठरवावा. हा क्रम उलटा करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मधल्या दर्जाचे यंत्रही चेन धारदार असेल तर उत्तम काम देते, आणि बोथट चेन लावलेले व्यावसायिक यंत्र रखडते. कापताना खाली काय पडते ते पाहावे. जाडसर ढलप्या पडत असतील तर धार ठीक आहे. पिठासारखा बारीक भुसा पडू लागला की थांबून कानस मारावी. सागातील सिलिकामुळे आणि मातीत लोळलेल्या ओंडक्यामुळे धार लवकर जाते. कानस चेनच्या मापाचीच हवी: .325 इंच पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधील अंतराचे माप) चेनला 4.8 मिलिमीटरची, तर घरगुती यंत्रांवरील बारीक 3/8 इंच पिचच्या चेनला 4.0 मिलिमीटरची. इंधनात पुस्तिकेत सांगितलेलेच टू-स्ट्रोक ऑइल घालावे. 50:1 प्रमाण असेल तर लिटरला 20 मिलिलिटर. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओल शोषते, म्हणून यंत्राला किती टक्के चालते ते पुस्तिकेत पाहावे, आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करून यंत्र बंद पडेपर्यंत चालवावे. पट्टीसाठी गाडीचे जळके ऑइल वापरू नये. त्यातील धातूचे कण पंप खराब करतात.

नवे व्यावसायिक यंत्र परवडत नसेल, तर चांगले वापरलेले यंत्र हा मधला मार्ग आहे, पण ते तपासून घ्यावे. यंत्र बंद आणि थंड असताना, चेनवर आवरण घालून, स्टार्टरची मूठ धरून ते जमिनीपासून थोडेसे उचलावे. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चांगले असेल तर ते थांबत थांबत, सावकाश खाली येते. भसकन खाली आले तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत असे समजावे. डिकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह (यंत्र सुरू करताना हा दाब कमी करणारे बटण) असेल तर या वेळी तो दाबलेला नसावा. मग विकणाऱ्याच्या समोर सायलेन्सर काढायला लावून टॉर्चच्या उजेडात आत पाहावे. पिस्टनची बाजू गुळगुळीत असली पाहिजे. उभे ओरखडे दिसले तर कमी ऑइलवर यंत्र चालवले गेल्याची दाट शक्यता असते, आणि अशा वेळी पिस्टन-सिलिंडरचा खर्च किमतीतून वजा करूनच भाव बोलावा.