परवडणारी इलेक्ट्रिक गाडी कशी निवडावी: आधी गरज मोजा, मग बॅटरी तपासा

इलेक्ट्रिक गाडीतला सर्वांत महाग भाग म्हणजे बॅटरी, आणि गाडी परवडेल की नाही हे बहुतांशी त्या एका भागावर ठरते. गरजेपेक्षा मोठी बॅटरी घेणारा माणूस कधीच न वापरल्या जाणाऱ्या क्षमतेचे पैसे मोजतो आणि तिचे वजनही रोज वाहून नेतो. उलट स्वस्तात मिळाली म्हणून थकलेल्या बॅटरीची गाडी घेणाऱ्याला पहिल्याच कडक हिवाळ्यात तिची मर्यादा कळते. म्हणून मॉडेल, रंग आणि पडद्याचा आकार यांच्याकडे वळण्यापूर्वी आपल्याला किती बॅटरी लागते हे कागदावर मांडून पाहावे, असा माझा आग्रह आहे. हा हिशेब अर्ध्या तासात होतो आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक निर्णयात उपयोगी पडतो.

दोन-तीन आठवडे रोजच्या प्रवासाचे किलोमीटर लिहून ठेवावेत आणि त्यांतला नेहमीच्या कामाचा सर्वांत लांबचा दिवस धरावा. वर्षातून एकदा होणारा दूरचा प्रवास या हिशेबात आणू नये, कारण त्यासाठी वाटेत चार्जिंग करता येते किंवा दुसरी सोय करता येते. लहान ते मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी मिश्र रस्त्यांवर १०० किलोमीटरला साधारण १३ ते १८ किलोवॅट-तास वीज घेते. एक किलोवॅट-तास म्हणजे वीजबिलातले एक युनिट. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे महामार्गावरच्या सततच्या वेगात हा आकडा बराच वर जातो.

समजा, लांबच्या दिवशी ८० किलोमीटर होतात आणि गाडी १०० किलोमीटरला १६ युनिट घेते. म्हणजे गरज सुमारे १३ युनिटांची. थंड प्रदेशात गाडीचा आतला भाग आणि बॅटरी गरम ठेवण्यात वीज जाते, त्यामुळे ३० टक्के वाढ धरली, तर गरज १७ युनिटांवर जाते. रोज ८० टक्क्यांपर्यंतच चार्ज करायचे आणि १५ टक्क्यांच्या खाली उतरायचे नाही असे ठरवले, तर बॅटरीचा ६५ टक्के भागच हाताशी राहतो. म्हणजे वापरता येण्याजोगी क्षमता २६ युनिटांची हवी. पुढच्या काही वर्षांत होणाऱ्या झिजेसाठी पंधरा-वीस टक्के आणखी धरले की उत्तर ३० ते ३३ युनिटांच्या आसपास येते. जाहिरातींत दिसणाऱ्या ६० आणि ७५ युनिटांच्या बॅटऱ्यांच्या तुलनेत हा आकडा किती लहान आहे हे पाहिले, की परवडणारी गाडी नेमकी कुठे शोधायची ते लक्षात येते.

जाहिरातीतल्या पल्ल्याचा, म्हणजे एका चार्जमध्ये कापल्या जाणाऱ्या अंतराचा, आकडा कोणत्या चाचणीतून आला आहे, हेही पाहायला हवे. युरोपात पूर्वी एनईडीसी ही चाचणी वापरात होती, २०१७ पासून तिची जागा डब्ल्यूएलटीपीने घेतली, आणि अमेरिकेत तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे, म्हणजे ईपीएचे, आकडे चालतात. यांपैकी एनईडीसी सर्वांत उदार, ईपीए प्रत्यक्षाच्या सर्वांत जवळ आणि डब्ल्यूएलटीपी दोहोंच्या मध्ये, असे ढोबळमानाने म्हणता येईल. निसान लीफच्या २४ युनिटांच्या पहिल्या आवृत्तीचा पल्ला एनईडीसीनुसार १७५ किलोमीटर होता, तर त्याच गाडीचा ईपीएचा आकडा ७३ मैल, म्हणजे सुमारे ११७ किलोमीटर. वापरलेल्या गाड्यांच्या जाहिरातींत आजही जुने उदार आकडे उतरवलेले आढळतात, म्हणून दोन गाड्यांची तुलना नेहमी एकाच चाचणीच्या आकड्यांवर करावी.

चार्जिंग कुठे होणार?

रात्री गाडी जिथे उभी राहते तिथे साधा, सुरक्षित अर्थिंग असलेला प्लग मिळत असेल, तर अर्धे काम झाले. २३० व्होल्ट आणि १० अँपिअरच्या जोडणीतून २.३ किलोवॅट मिळतात. दहा तासांत, मधली गळती वजा जाता, सुमारे २० युनिट बॅटरीत जातात, आणि वरच्या उदाहरणातल्या माणसाला ते रोज पुरून उरतात. ३२ अँपिअरचा भिंतीवरचा चार्जर ७.४ किलोवॅट देतो, परंतु त्याचा खर्च करण्यापूर्वी गाडीतला ऑनबोर्ड चार्जर, म्हणजे घरची एसी वीज बॅटरीसाठी डीसीमध्ये बदलणारा भाग, तेवढी वीज घेऊ शकतो का हे तपासावे, कारण काही जुन्या गाड्या ३.३ किंवा ३.६ किलोवॅटच्या पुढे जात नाहीत.

ज्यांना घरी किंवा कामाच्या ठिकाणी चार्जिंगची निश्चित जागा नाही, त्यांनी केवळ किंमत कमी आहे म्हणून इलेक्ट्रिक गाडी घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. सार्वजनिक फास्ट चार्जरवरची वीज बहुधा घरच्या विजेपेक्षा महाग असते आणि बचतीचे सगळे गणित त्या फरकावर अवलंबून असते. तरीही घ्यायचीच असेल, तर फास्ट चार्जिंगचे सॉकेट हा मुद्दा पहिल्या क्रमांकावर येतो. जुन्या लीफमध्ये शाडेमो सॉकेट असते. युरोप आणि उत्तर अमेरिकेत त्याची जागा सीसीएस या दुसऱ्या प्रकारच्या सॉकेटने घेतली आणि निसाननेच आपल्या आरिया या गाडीसाठी तिथे सीसीएस स्वीकारले, त्यामुळे शाडेमोची नवी केंद्रे तिथे क्वचितच उभी राहतात. रेनॉ झोईच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत डीसी फास्ट चार्जिंगची, म्हणजे ऑनबोर्ड चार्जर वगळून थेट बॅटरीत वीज भरण्याची, सोयच नव्हती. कमाल किलोवॅटच्या आकड्याला भुलू नये. तो बहुधा काही मिनिटेच टिकतो. १० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत जायला किती वेळ लागतो, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

बॅटरीचा प्रकार

परवडणाऱ्या नव्या गाड्यांत आता दोन प्रकारच्या बॅटऱ्या प्रामुख्याने दिसतात. निकेल-मँगनीज-कोबाल्ट म्हणजे एनएमसी बॅटरी तेवढ्याच वजनात अधिक ऊर्जा साठवते, पण ती रोज १०० टक्के भरून ठेवणे तिला मानवत नाही. लोह-फॉस्फेट म्हणजे एलएफपी बॅटरीत निकेल आणि कोबाल्ट नसल्यामुळे ती स्वस्त पडते आणि चार्जिंगची अधिक आवर्तने सहन करते; मात्र ती वजनाला जड असते आणि कडाक्याच्या थंडीत सावकाश चार्ज होते. शिवाय चार्ज उतरत असताना तिचा व्होल्टेज बराच काळ जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे गाडीला शिल्लक चार्जचा अंदाज चुकू नये म्हणून ती अधूनमधून पूर्ण भरावी, असे उत्पादक सांगतात. रोजच्या धावपळीसाठी नवी आणि छोटी गाडी हवी असेल, हवामान अतिथंड नसेल, तर मी एलएफपीच्या बाजूने कौल देईन.

वापरलेली गाडी पाहताना

इथे सर्वाधिक फायदा आहे आणि फसण्याची शक्यताही इथेच आहे. इलेक्ट्रिक गाड्यांच्या किमती पहिल्या काही वर्षांत वेगाने घसरतात; ती घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि बॅटरी मात्र बहुतेक वेळा चांगल्या स्थितीत असते. ती खरोखर तशी आहे का, हे तीन बाजूंनी तपासावे लागते.

पहिली बाजू म्हणजे बॅटरी थंड कशी ठेवली जाते. द्रवाने थंड होणारी बॅटरी उष्णता आणि वारंवारचे फास्ट चार्जिंग अधिक चांगले सोसते. लीफच्या पहिल्या दोन पिढ्यांत बॅटरीला अशी सक्रिय शीतकरण व्यवस्था नव्हती, आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यातल्या उन्हात त्या गाड्यांची क्षमता अपेक्षेपेक्षा लवकर घटल्याच्या तक्रारी पुढे आल्या. याचा अर्थ लीफ टाळावी असा होत नाही. समशीतोष्ण प्रदेशात चाललेली लीफ रोजच्या छोट्या अंतरासाठी आजही उत्तम खरेदी ठरू शकते. मात्र गाडी कोणत्या हवामानात वाढली आणि उन्हात किती उभी राहिली, हे किलोमीटरच्या आकड्याइतकेच आस्थेने विचारावे.

दुसरी बाजू म्हणजे आजची क्षमता. तिला एसओएच म्हणतात: नवी असतानाच्या क्षमतेच्या किती टक्के उरली आहे, तो आकडा. काही गाड्या तो पडद्यावर दाखवतात, काहींसाठी ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीतल्या दोषतपासणीच्या जोडणीत) छोटे उपकरण लावून मोबाइलवर वाचावा लागतो. लीफच्या डॅशबोर्डवर क्षमतेच्या बारा पट्ट्या असतात आणि पहिली पट्टी सुमारे १५ टक्के घट झाल्यावर जाते, म्हणून बाराही पट्ट्या दिसल्या तरी बॅटरी नव्यासारखी आहे असे समजू नये. त्याशिवाय हा आकडा गाडीच्या संगणकाचा अंदाज असतो, म्हणून तो रस्त्यावर पडताळून पाहणे श्रेयस्कर. बॅटरी पूर्ण भरलेली असताना ट्रिप मीटर शून्यावर आणावा, चार्ज निदान ५० टक्क्यांनी उतरेपर्यंत गाडी चालवावी आणि तेवढ्यात किती युनिट खर्च झाले ते पाहावे. ६० टक्के चार्जमध्ये १८ युनिट गेले असतील, तर एकूण वापरता येणारी क्षमता ३० युनिटांच्या जवळपास आहे. नव्या गाडीच्या क्षमतेशी तिची तुलना केली की चित्र स्पष्ट होते. विक्रेता एवढा वेळ द्यायला तयार नसेल, तर तोही एक माहितीचा भाग समजावा. शक्य असल्यास चार्ज कमी असताना बॅटरीतल्या सेलांच्या (ती ज्या छोट्या घटकांची बनलेली असते त्यांच्या) व्होल्टेजमधला फरकही वाचून घ्यावा. एखादा सेल इतरांपेक्षा ठळकपणे मागे पडत असेल, तर एकूण टक्केवारी चांगली असूनही गाडी अचानक बंद पडू शकते.

तिसरी बाजू कागदपत्रांची. बहुतेक उत्पादक बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तिथपर्यंत वॉरंटी देतात आणि क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेल्यास दुरुस्तीची हमी घेतात, पण ही अट सर्वत्र सारखी नाही. मुदत गाडीच्या पहिल्या विक्रीपासून मोजली जाते, आणि ती दुसऱ्या मालकाला मिळते का, नियमित सर्व्हिसिंगची अट आहे का, हे मूळ पुस्तिकेत वाचावे. झोईसारख्या काही गाड्या युरोपात बॅटरी भाड्याने देण्याच्या कराराखाली विकल्या गेल्या. गाडी आपली आणि बॅटरी कंपनीची, असा तो व्यवहार असल्यामुळे बॅटरीची मालकी लेखी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

परत बोलावलेल्या गाड्यांची चौकशी चेसिस क्रमांकावरून करावी. बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे २०२१ मध्ये ह्युंदाईने कोना इलेक्ट्रिक आणि जनरल मोटर्सने शेव्हरोले बोल्ट परत बोलावल्या होत्या. अशा गाडीचे नाव ऐकून लगेच पाठ फिरवण्याचे कारण नाही, कारण बॅटरी बदललेली असेल तर जुन्या गाडीच्या किमतीत तुलनेने नवी बॅटरी मिळते. बदल झाल्याची तारीख आणि पावती मात्र हातात हवी.

उरलेली तपासणी तुलनेने सोपी आहे. गाडी उचलून बॅटरीच्या तळाच्या आवरणावर खोल ओरखडे किंवा पोचे आहेत का ते पाहावे आणि पुरात बुडाल्याच्या खुणा शोधाव्यात. रिजनरेटिव्ह ब्रेकिंगमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरनेच वीज बनवून बॅटरीत परत पाठवल्यामुळे, यांत्रिक ब्रेक कमी वापरले जातात, म्हणून डिस्क गंजलेल्या असू शकतात. वजन आणि टॉर्क अधिक असल्यामुळे टायर लवकर झिजतात. १२ व्होल्टची छोटी बॅटरी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, पण ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. एसी (साधे) आणि डीसी (फास्ट) दोन्ही चार्जिंग आपल्यासमोर करून घ्यावे, केबल सोबत मिळते का ते विचारावे आणि जुन्या मालकाचे अॅपवरचे खाते काढून टाकल्याची खात्री करावी.

नवी की वापरलेली?

घरी चार्जिंग असेल आणि वर केलेल्या हिशेबाचे उत्तर लहान असेल, तर दोन ते चार वर्षे वापरलेली, द्रवाने थंड होणाऱ्या बॅटरीची आणि वॉरंटीची निदान चार वर्षे शिल्लक असलेली गाडी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. नवी घ्यायची तर लहान बॅटरीची मूळ आवृत्ती पाहावी. महागड्या आवृत्तीतले बहुतेक पैसे सजावटीत जातात, अपवाद थंड प्रदेशातल्या हीट पंपाचा, म्हणजे कमी विजेत गाडी गरम ठेवणाऱ्या यंत्रणेचा. कंपनीच्या आर्थिक स्थितीकडेही लक्ष द्यावे. अमेरिकेतल्या फिस्करने जून २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केल्यानंतर तिच्या ओशन गाडीच्या मालकांपुढे सुटे भाग आणि सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याचा प्रश्न उभा राहिला. मोठी सवलत मिळत असेल, तेव्हा त्या कंपनीची सर्व्हिस केंद्रे आपल्या आवाक्यात आहेत का आणि भाग कुठून येतात, हे आधी विचारावे.

आठ वर्षांहून जुनी गाडी घ्यायला हरकत नाही, पण किंमत ठरवताना वॉरंटी शून्य धरावी आणि बॅटरीची क्षमता आणखी २० टक्क्यांनी घटली तरी आपले रोजचे अंतर निघेल का, एवढाच प्रश्न विचारावा. उत्तर होकारार्थी असेल, तर चाचणीत निघालेला क्षमतेचा आकडा, तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर विक्रीच्या करारात लिहून घ्यावेत, आणि विक्रेत्याने त्याखाली सही केल्यानंतरच पैसे द्यावेत.