लॉनमध्ये वसंतात फुलणारे कंद लावताय? या चुका टाळा

पहिल्या वसंतात लॉनभर डॅफोडिल फुलतात. दुसऱ्या वर्षी निम्मीच. तिसऱ्या वर्षी नुसती पात वर येते आणि आपण म्हणतो, कंदच खराब निघाले. बहुतेक वेळा कंदांचा काही दोष नसतो. गवत आणि कंद यांची वेळापत्रकं जुळत नाहीत, आणि आपण कायम गवताची बाजू घेतो.

पात हिरवी असतानाच गवत कापायचं मशीन फिरवणं

ही चूक बाकी सगळ्या चुकांहून मोठी, म्हणून आधी तीच.

विकत आणलेल्या कंदात पहिल्या वर्षाची कळी आधीच तयार असते. त्यामुळे पहिला बहर फारशी काळजी न घेताही येतो आणि आपली फसगत होते. फुलं सरल्यावर पात उन्हात अन्न तयार करते, ते खाली कंदात साठतं, आणि त्या साठ्यावर पुढच्या वर्षीची कळी उन्हाळ्यातच कंदाच्या पोटात धरते. वसंतात गवतही जोरात वाढत असतं. लॉन अस्ताव्यस्त दिसायला लागलं म्हणून पात कापली, की कंद उपाशी राहिला.

शेवटचं फूल सुकल्यापासून किमान ६ आठवडे तिथे मशीन नेऊ नका. पात आपसूक पिवळी पडून आडवी होईपर्यंत थांबलात तर आणखी चांगलं. ती नीटनेटकी दिसावी म्हणून गाठी मारणं किंवा वेण्या घालून रबर लावणं हे कापण्याइतकंच वाईट, कारण गुंडाळलेल्या पातीला ऊन मिळत नाही. डॅफोडिलची सुकलेली फुलं तेवढी खुडा, म्हणजे बी धरण्यात ताकद जाणार नाही. हिरवा दांडा मात्र ठेवा, तोही अन्न बनवतो. क्रोकस आणि स्नोड्रॉप या छोट्या कंदांची फुलं खुडू नका; बी पडूनही त्यांचा पसारा वाढतो.

वाढलेलं गवत डोळ्यांना खुपणार असेल, तर त्याचा विचार लावतानाच करायला हवा. संपूर्ण लॉनभर कंद विखरू नका. एखादा कोपरा, पानझडी झाडाखालची जागा किंवा कडेचा पट्टा त्यांना द्या आणि त्याभोवतीचं गवत नेहमीसारखं कापत राहा. कडा स्वच्छ असली की मधलं उंच गवत मुद्दाम राखलेलं दिसतं. गवत लवकर कापायचं असेल तर क्रोकस, स्नोड्रॉप, सिला असे लवकर फुलणारे कंद निवडा. उशिरा फुलणारी डॅफोडिल तुम्हाला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत थांबवतील.

गवतात न टिकणारे कंद निवडणं

मोठ्या फुलांचे संकरित ट्युलिप गवतात लावू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ते वाफ्यातच शोभतात. गवताच्या मुळांशी स्पर्धा आणि उन्हाळ्यातली ओल त्यांना सोसत नाही, दोन-तीन वर्षांत ते संपतात. गवतात लहान, रानवट जातीच टिकतात. जमीन ओलसर असेल तर चौकटीच्या नक्षीची फुलं येणारी फ्रिटिलेरिया मेलियाग्रिस किंवा कमासिया लावा. ऑक्सफर्डच्या मॅग्डलेन कॉलेजचं ओलं कुरण या फ्रिटिलेरियासाठीच प्रसिद्ध आहे. तिचे कंद पटकन सुकतात, आणल्या आणल्या लावून टाका. पाणी साचून राहत असेल तर मात्र बहुतेक कंद कुजतात.

उथळ खड्डा, चुकीची वेळ

खड्डा कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल हवा. ५ सेंटीमीटरच्या डॅफोडिलला १५, क्रोकसला ८ ते १०. हे माप मातीपासून घ्यायचं, गवताच्या शेंड्यापासून नव्हे; इथेच कंद नकळत वर राहतो. टोकदार खुंटीने भोक पाडलं तर कंद मध्येच अडकतो आणि खाली पोकळी राहते. तळ सपाट करा, कंद टेकवा, टोक वर. चिकण माती ओली असताना खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या घट्ट होतात आणि मुळं आत शिरत नाहीत, म्हणून वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा ओल जाऊन माती भुसभुशीत होईपर्यंत, थांबा. लहान कंद पुष्कळ असतील तर हिरवळीवर इंग्रजी एच अक्षरासारखे छेद घेऊन दोन्ही झडपा उचला, खालची माती मोकळी करा, कंद मांडा आणि झडपा परत दाबून बसवा.

उत्तर गोलार्धात लागवड सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये होते. या कंदांना पुढे बरेच आठवडे थंडी लागते. हिवाळा उबदार असेल तर कंद आधी फ्रिजमध्ये ठेवावे लागतात, पण सफरचंदांजवळ नको. फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे आतली कळी मरते.

लॉनचं खत, लॉनचं तणनाशक

नत्रयुक्त खताने गवत माजतं आणि कंदांना दाबून टाकतं. या पट्ट्यात ते टाकूच नका. कंद अशक्त दिसलेच तर फुलं सरताना पालाश (पोटॅश) जास्त असलेलं खत द्या. रुंद पानांच्या तणांवरची औषधं कंदांची पात जमिनीवर असताना कधीही फवारू नका.

काहीच उगवलं नाही तर

अंदाज बांधत बसू नका, खणून पाहा. कंदच गायब असेल तर खारी किंवा उंदीर. क्रोकस आणि ट्युलिप त्यांना आवडतात. पुढच्या वेळी मातीखाली जाळी अंथरा. डॅफोडिल विषारी असल्याने त्याला ते सहसा तोंड लावत नाहीत (पाळीव कुत्रा उकरत असेल तर हेच विष लक्षात ठेवा). कंद मऊ पडून घाण वास येत असेल तर निचरा नाही. कापल्यावर आत एकच जाड अळी दिसली तर ती डॅफोडिलच्या कंदमाशीची. तो कंद नष्ट करा. ही माशी सुकत्या पातीच्या बुडाशी अंडी घालते, म्हणून पात गेल्यावर राहिलेली भोकं मातीने बुजवा.

आणि पात दाट, पण फूल एकही नाही, असे जुने झुपके? पात सुकेपर्यंत थांबूनच गवत कापत असाल, तर तिथे कंदांची दाटी झाली आहे. पात पिवळी पडायला लागली की, म्हणजे जागा अजून दिसते आहे तोवरच, पूर्ण झुपका खणून काढा. हाताने सहज सुटतील तेवढेच कंद वेगळे करा, जोडलेली पिल्लं ओरबाडू नका. डॅफोडिलच्या चिकाने कातडी चुरचुरते, हातमोजे घाला. मोठे कंद लगेच नव्या जागी, नेहमीच्या खोलीवर, एकमेकांत दोन कंदांचं अंतर ठेवून लावा. छोटे कंद वाफ्यात वाढू द्या. त्यांना फुलायला दोन-तीन वर्षं लागतील.