दव पडू लागलंय, फुलपिकाला रात्रीचं पाणी बंद करा
(डिसेंबर-जानेवारी, पुणे जिल्हा : शेवंती, झेंडू, ॲस्टर, गुलाब)

ज्यांच्या रानात सध्या शेवंती, झेंडू, ॲस्टर किंवा गुलाब उभा आहे, त्यांनी बाकी सगळं बाजूला ठेवून आज एक काम करा. पंपाचा ऑटो काढा. रात्री लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते, स्प्रिंकलर पहाटेपर्यंत फिरत राहतो आणि आपण घरात झोपलेलो असतो. हवेली, पुरंदर, दौंडच्या पट्ट्यात दर हिवाळ्यात फुलांचे प्लॉट जाताना बघतो, त्यातले बरेचसे या एका कारणाने जातात.

शेतकरी म्हणतो, थंडीने मारलं. पुण्याकडची आठ-दहा अंशांची थंडी शेवंतीला मारत नाही, उलट मानवते. मारतो तो ओलावा. करपा आणि ठिपक्यांची बुरशी पानात शिरायला पान सलग काही तास ओलं राहावं लागतं. गुलाबावरच्या काळ्या ठिपक्याला साधारण सात तास पुरतात. नुसतं दव मध्यरात्रीनंतर धरतं आणि उन्हं वर आली की उतरतं. त्यात संध्याकाळी सहाला स्प्रिंकलर लावला की तेच पान सकाळी नऊपर्यंत, म्हणजे पंधरा तास ओलं. मग फवारणी कितीही महाग करा, रोग हटत नाही.

उद्या सकाळी आठला प्लॉटच्या कडेला उभं राहून बघू नका, मधल्या सरीत जा. शेवंतीचं झाड दोन्ही हातांनी फाकवा आणि बुडाजवळचं पान उलटं करा. तपकिरी-काळे गोल ठिपके, भोवती पिवळसर कडा, आणि त्याखालचं पान वाळून खोडालाच लोंबत असेल तर करपा आत आला आहे. वरून प्लॉट हिरवागार दिसतो, त्यामुळे हे आठ-दहा दिवस कुणाच्या लक्षातच येत नाही. ती पानं गोळा करून रानाबाहेर जाळा. बांधावर टाकली तर वाऱ्या-पाण्याबरोबर पुन्हा रानातच येतात.

आता एक गोंधळ. थंडीची लाट आली की ‘पिकाला संध्याकाळी हलकं पाणी द्या’ असा सल्ला येतो. सल्ला बरोबर आहे, ओली जमीन रात्री ऊब धरून ठेवते. पण ते पाणी जमिनीला द्यायचं आहे, पानांना नव्हे. पारा फारच उतरणार असेल तर ठिबकने किंवा एका आड एक सरीने, दिवस मावळायच्या आत हलकं पाणी द्या. फुलांवर तुषार (स्प्रिंकलर) त्यासाठी लावू नका. कळी दिसल्यावर तर फुलपिकाला तुषार नकोच.

रात्रपाळीची लाईट आपल्या हातात नाही, ही अडचण खरी आहे. शेततळं किंवा टाकी असेल तर रात्री तिथे पाणी भरा आणि दिवसा ठिबकने सोडा. ते नसेल तर रात्रभर मोटर चालू ठेवण्यापेक्षा पाळी संपायच्या शेवटच्या दोन तासांत पाणी द्या, पाठोपाठ ऊन येतं. पाटपाणी असेल तर भोद (सरीमधला मातीचा उंचवटा) बुडेपर्यंत भरू नका. थंडीत वाफसा लवकर येत नाही, म्हणजे जादा ओल लवकर निघून जात नाही, आणि बुडाशी पाणी साचलं की ॲस्टरला मर (झाड सुकून जाण्याचा रोग) लागलीच म्हणून समजा. कालव्याकाठच्या आणि नदीकाठच्या रानांनी दुप्पट सावध राहा, तिथे धुकं उशिरा उठतं.

माझा एक आडाखा आहे, कुठल्या पत्रकात सापडणार नाही. संध्याकाळी वारा पडला आणि वस्तीवरच्या चुलींचा धूर वर न जाता शिवारावर आडवा पसरला, तर पहाटे दव जोरात पडतं. त्या रात्री पाणी नाही.

तोडणीलाही हेच लागू. ओलं फूल वजनाला भरतं म्हणून दवातच तोडून क्रेट दाबून भरतात. पुण्याच्या गुलटेकडी मार्केटला पोचेपर्यंत आतलं फूल गरम होऊन काळं पडतं, आणि व्यापारी क्रेटच्या तळाशी हात घालूनच भाव करतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारचा माल बुधवारी दुपारनंतर कोरडा तोडा आणि रात्रभर सावलीत पसरून ठेवा.

औषधांचं. करप्याला मॅन्कोझेब 75 टक्के, 2.5 ग्रॅम प्रति लिटर. गुलाबाच्या कोवळ्या फुटीवर पांढरी भुरी दिसली तर 80 टक्के विद्राव्य गंधक, 2 ग्रॅम प्रति लिटर. भुरीला पान ओलं लागत नाही, दिवसा कोरडं आणि रात्री दमट गार एवढं तिला पुरतं, म्हणून तिच्यावर वेगळी नजर ठेवा. गंधक भर उन्हात मारू नका, तेलकट फवारणीच्या मागे-पुढेही नको. फुलकिडे आणि मावा कमी असेल तोवर 5 टक्के निंबोळी अर्क: पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, 100 लिटर पाण्यात. सगळी फवारणी दव उतरल्यावर, दहाच्या पुढे.

दुकानात ‘थंडीचं टॉनिक’, ‘फुटवा बूस्टर’, तीन बाटल्यांचं पॅकेज पुढे करतील. घेऊ नका. ओल्या पानावरच्या बुरशीला टॉनिक काही करत नाही, पैसे मात्र जातात. जे घ्याल त्याचं पक्कं बिल मागा आणि लेबलवर तुमचं पीक व तुमचा रोग लिहिलाय का, ते काउंटरवरच वाचा. दुकानदार बिलाला टाळाटाळ करत असेल तर बाटली परत द्या.

मावळातल्या पॉलिहाऊसवाल्यांनी थंडीच्या भीतीने पडदे सकाळी उशिरापर्यंत बंद ठेवू नयेत. छताखाली साचलेलं पाणी ठिबकून गुलाबाच्या शेंड्यावर पडतं आणि केवडा हा बुरशीसारखा रोग तिथूनच सुरू होतो. ऊन आलं की आधी वरची खिडकी उघडून दमट हवा बाहेर काढा. फेब्रुवारीच्या मालाची फूट सध्या कोवळी आहे, तिला हे सोसत नाही.

शहरात गॅलरीत पिटुनिया, पॅन्सी, फ्लॉक्स लावणाऱ्यांचंही तेच. ऑफिसातून आल्यावर झाऱ्याने वरून पाणी घालतात आणि आठवड्यात पिटुनियाची फुलं कुजतात. सकाळी, कुंडीच्या मातीत, बोटाला कोरडं लागलं तरच घाला.

बाकीची कामं:
- वाळलेली फुलं खुडणे
- शेवंतीला काठीचा आधार, बुडाला मातीची भर
- खुरपणी
- निळे-पिवळे चिकट सापळे लावणे
- निशिगंधाचं पाणी कमी करणे
- पाडव्याचा झेंडू: सणाआधी 60-65 दिवस लागवड, थंडीमुळे आठवडाभर आधीच लावलेला बरा
- पुढच्या हंगामासाठी शेवंतीच्या काश्या (बुडातून येणारे, लागवडीचे फुटवे) ज्यांच्या ठेवायच्या ती झाडं आत्ताच दोरा बांधून ठेवणे. करपा आलेल्या झाडाची काशी घेऊ नका, शेजाऱ्याने फुकट दिली तरी.