जुन्या स्कझी कार्डाचा ड्रायव्हर लिनक्सवर कसा लावावा

१९९०च्या दशकात पुण्यातल्या पेठांमधल्या छापखान्यांनी खिळे जुळवणे सोडले आणि संगणकावर पाने लावायला सुरुवात केली. तेव्हाची अनेक पुस्तके, नियतकालिके आणि लग्नपत्रिकांचे नमुने ज्या डिस्कवर साठवले गेले, त्यांतल्या बऱ्याच डिस्क स्कझी जातीच्या होत्या. स्कझी ही डिस्क संगणकाला जोडण्याची त्या काळची एक पद्धत. त्या काळातल्या मॅकिंटॉश यंत्रांत तर हीच जोडणी असे. अशी डिस्क आजही एखाद्या कपाटात व्यवस्थित असते, पण ती जोडायची कशाशी, हा प्रश्न पडतो. तिला लागणारे कार्ड मिळाले, तर पुढचे काम अजिबात अशक्य नाही. हा लेख अडॅप्टेक कंपनीच्या २९४० मालिकेतल्या पीसीआय कार्डाविषयी आहे, कारण ते त्या काळी फार खपले आणि लिनक्समधला त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, अजून टिकून आहे.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. या कार्डाचा ड्रायव्हर आपल्या मनाने फारसे काही ठरवत नाही. कार्डावर एक छोटी स्मृतिचिप असते, तिच्यात साठवलेल्या सेटिंग ड्रायव्हर सुरुवातीलाच वाचतो आणि त्या पाळतो. म्हणून निम्मे काम ड्रायव्हर चालू होण्याआधीच, कार्डाच्या स्वतःच्या मेनूत आणि कार्ड व डिस्क जोडणाऱ्या चपट्या केबलच्या, म्हणजे फितीच्या, दोन टोकांशी करायचे असते. ड्रायव्हर बिघडला अशी जी तक्रार होते, तिचे मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडते.

यंत्र आणि साहित्य

गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक मदरबोर्डवर साधा पीसीआय स्लॉट, म्हणजे हे कार्ड बसवायची खाच, नसतो. त्यामुळे कोअर टू ड्युओच्या काळातला एखादा डेस्कटॉप या कामाला सर्वांत सोयीचा पडतो. त्यावर वेगळ्या साटा (आजच्या नेहमीच्या जोडणीच्या) डिस्कवर डेबियन हे लिनक्स बसवावे. प्रोसेसर ६४ बिटचा असेल तर डेबियन १३ चालते; यंत्र त्याहून जुने, म्हणजे फक्त ३२ बिटचे असेल, तर डेबियन १२ घ्यावे, कारण १३व्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) दिले जात नाहीत. या कार्डाला वेगळे फर्मवेअर लागत नाही. कार्डाच्या चिपवर चालणारा आवश्यक तो प्रोग्राम ड्रायव्हरमध्येच असतो.

फीत आणि टर्मिनेटर (फितीच्या टोकाला सिग्नल शोषून घेणारा भाग) दुकानांत नवे मिळणे अवघड आहे. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चक्कर मारली, तर जुन्या सर्व्हरमधून काढलेल्या फिती कधी कधी हाती लागतात. तिथे ५० पिनांची आणि ६८ पिनांची फीत यांतला फरक नीट पाहूनच खरेदी करावी. संपर्क पुसण्यासाठी लागणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे मिळते. पुण्याच्या पावसाळ्यात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कार्डाच्या सोनेरी पट्ट्या काळवंडलेल्या असतात. त्या पुसल्याशिवाय कार्ड स्लॉटमध्ये घालू नये.

खरेदी करताना कनेक्टरजवळची खूणही पाहावी. समभुज चौकोनासारख्या चिन्हाजवळ ‘डिफ’ असे रोमन अक्षरांत लिहिले असेल, तर ते उपकरण उच्च विद्युतदाबाच्या डिफरेन्शियल जातीचे असते. ते साध्या कार्डाला जोडल्यास कार्ड किंवा डिस्क जळू शकते. ही जोडणी कोणत्याही कारणाने करू नये.

फीत, क्रमांक आणि टोके

स्कझीच्या एका फितीवर अनेक उपकरणे बसतात आणि प्रत्येकाला वेगळा क्रमांक लागतो. अरुंद म्हणजे ५० पिनांच्या फितीवर ० ते ७ आणि रुंद म्हणजे ६८ पिनांच्या फितीवर ० ते १५ असे क्रमांक असतात. ७ हा क्रमांक कार्डाने स्वतःसाठी राखलेला असतो. अरुंद डिस्कच्या मागच्या बाजूला किंवा खालच्या पाटीवर पिनांच्या तीन जोड्या असतात आणि त्यांवर जम्पर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, बसवता येतो. त्यांची किंमत १, २ आणि ४ असते, आणि ज्या जोड्यांवर जम्पर बसवले असतील त्यांची बेरीज म्हणजे डिस्कचा क्रमांक. तीनही जोड्यांवर जम्पर असेल तर बेरीज ७ होते आणि डिस्क थेट कार्डाशी भांडते. अशा वेळी एकच डिस्क बाकीच्या सगळ्या क्रमांकांवर दिसू लागते. यादीत एकाच नावाच्या सहा-सात डिस्क दिसल्या तर घाबरू नये. यंत्र बंद करून एक जम्पर काढावा.

फितीच्या दोन्ही टोकांना, आणि फक्त टोकांनाच, टर्मिनेशन हवे. कार्ड एका टोकाला असेल तर त्याचे टर्मिनेशन चालू ठेवावे आणि दुसऱ्या टोकाच्या डिस्कवर ‘टी ई’ या रोमन अक्षरांजवळचा जम्पर लावावा किंवा फितीच्या शेवटी टर्मिनेटर बसवावा. डिस्क मधल्या कनेक्टरवर जोडून पुढची फीत मोकळी लोंबकळत ठेवणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे: सिग्नल मोकळ्या टोकावरून परत फिरतो आणि स्वतःलाच अडवतो, भिंतीवर आपटून परतलेल्या लाटेने मागून येणारी लाट मोडावी तसा. या चुकीची वाईट बाजू ही की डिस्क अनेकदा दिसते, थोडा वेळ चालतेही, आणि मग मधेच अडते. २९४० यू डब्ल्यू या रुंद कार्डावर तीन कनेक्टर असतात; त्यांतले एका वेळी दोनच वापरावेत, हेही लक्षात ठेवावे.

कार्डाचा मेनू

यंत्र सुरू होताना अडॅप्टेकचे नाव पडद्यावर आले की कंट्रोल आणि ए ही बटणे एकत्र दाबावीत. ‘स्कझीसिलेक्ट’ नावाचा मेनू उघडतो. आपण साटा डिस्कवरून यंत्र सुरू करणार असल्यामुळे कार्डाचे बायॉस (यंत्र सुरू होताना चालणारा कार्डावरचा प्रोग्राम) बंद केले तरी चालते, पण त्याआधी खालील बदल करून घ्यावेत.

उपकरणांच्या सेटिंगमध्ये प्रत्येक क्रमांकापुढे कमाल वेग, सेकंदाला किती एमबी, लिहिलेला असतो. तो हेतुपुरस्सर कमी करावा. १० किंवा थेट ५ ठेवावा. कार्ड ४० एमबी वेगाचे असताना त्याला ५ वर का आणायचे, असे वाटेल. पण ९ जीबीची डिस्क सेकंदाला ५ एमबी या वेगानेही अर्ध्या तासात पूर्ण वाचून होते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची डिस्क, तितकीच जुनी फीत आणि कुठून तरी मिळवलेला टर्मिनेटर यांच्याकडून जास्त वेगाची अपेक्षा धरणे मला योग्य वाटत नाही. ड्रायव्हर हाच वेग पाळतो, म्हणून हा बदल इथेच करायचा. ५० पिनांच्या डिस्कसाठी रुंद वाटाघाटीची (रुंद फीत वापरायची का हे कार्डाने डिस्कला विचारण्याची) सेटिंगही बंद करावी. पॅरिटी तपासणी, म्हणजे फितीवरून येताना माहिती बिघडली का याची तपासणी, मात्र चालूच ठेवावी. ती बंद केल्याने चुका जात नाहीत, फक्त दिसेनाशा होतात.

याच मेनूत डिस्कविषयीच्या उपयुक्तता असा एक भाग आहे. त्यात डिस्क निवडली की ‘फॉरमॅट’ आणि ‘व्हेरिफाय’ हे दोन पर्याय एकमेकांलगत येतात. पहिला पर्याय डिस्कवरचे सर्व काही कायमचे पुसतो, आणि दुसराही खराब जागा आढळल्यास ती बदलण्याविषयी विचारतो. माहिती काढून घ्यायची असेल तर या भागात डिस्कचे नाव दिसले एवढेच पाहावे आणि एस्केप दाबून बाहेर यावे.

ड्रायव्हर आधी थांबवणे, मग हाताने लावणे

येथून पुढे आज्ञा नागरीत, उच्चारांप्रमाणे लिहिल्या आहेत. पडद्यावर त्या लहान रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टंकाव्यात. ड्रायव्हरचे नाव ए-आय-सी-७-एक्स-एक्स-एक्स, सलग आणि मोकळी जागा न सोडता.

लिनक्स कार्ड ओळखताच ड्रायव्हर आपोआप लावते आणि लगेच फितीवरच्या प्रत्येक क्रमांकाची विचारपूस सुरू करते. जुन्या डिस्कच्या बाबतीत ही घाई टाळावी असे माझे ठाम मत आहे. म्हणून डिस्क अजून जोडलेली नसताना, फक्त कार्ड लावून यंत्र सुरू करावे. ईटीसी या फोल्डरमधल्या मॉडप्रोब-डॉट-डी या फोल्डरमध्ये ‘डॉट-कॉन्फ’ असा शेवट असलेली एक नवी फाइल तयार करून तिच्यात दोन ओळी लिहाव्यात. पहिली ओळ: ब्लॅकलिस्ट आणि पुढे ड्रायव्हरचे नाव. दुसरी ओळ: ऑप्शन्स, ड्रायव्हरचे नाव, पुन्हा ड्रायव्हरचे नाव, बरोबरचे चिन्ह, व्हर्बोज, स्वल्पविराम, ग्लोबल-टॅग-डेप्थ, अपूर्णविराम आणि १. या दुसऱ्या ओळीत नाव दोनदा येते ते चुकून नाही: पहिले मॉड्यूलचे आणि दुसरे त्याच्या पॅरामीटरचे. ग्लोबल, टॅग आणि डेप्थ यांच्यामध्ये खालची रेघ असते, आणि दुसऱ्या नावापासून शेवटच्या १ पर्यंत कुठेही मोकळी जागा सोडायची नाही.

व्हर्बोजमुळे ड्रायव्हर सविस्तर बोलतो. टॅगची खोली १ केल्याने डिस्कला एका वेळी एकच मागणी जाते. नेहमीची खोली याहून बरीच जास्त असते आणि ती आधीच्या काळातल्या काही डिस्कना पेलत नाही. फाइल जतन झाल्यावर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ ही आज्ञा वजा-यू सह द्यावी, नाहीतर सुरुवातीच्या टप्प्यात जुनीच सेटिंग वापरली जाईल. त्यानंतर यंत्र पुन्हा सुरू करावे.

आता ‘एल-एस-पी-सी-आय’ ही आज्ञा वजा-एन-एन-के सह द्यावी. कार्डाच्या ओळीत ९००४ हा अडॅप्टेकचा क्रमांक दिसतो. २९४० यू किंवा यू डब्ल्यू असेल तर त्यापुढे ८१७८ असते. त्याखाली उपलब्ध मॉड्यूलची ओळ असावी, पण ‘वापरात असलेला ड्रायव्हर’ अशी ओळ नसावी. ती नसणे म्हणजेच आपला अडसर बसला. कार्डच दिसत नसेल तर यंत्र बंद करून ते दुसऱ्या स्लॉटमध्ये लावावे. ड्रायव्हरच्या फाइलशी खेळण्यात अर्थ नाही.

यंत्र पूर्ण बंद करून डिस्क जोडावी, पुन्हा सुरू करावे, आणि डिस्क फिरू लागल्याचा आवाज स्थिर होईपर्यंत थांबावे. मग ‘मॉडप्रोब’ आणि ड्रायव्हरचे नाव, अशी आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने द्यावी. ब्लॅकलिस्ट केवळ आपोआप लागणे रोखते. हाताने दिलेली आज्ञा ती अडवत नाही.

ड्रायव्हर काय म्हणतो ते वाचणे

‘डी-मेसेज’ म्हणजे डी-एम-ई-एस-जी या आज्ञेने कर्नलचे संदेश दिसतात. सुरुवातीला ड्रायव्हरचे नाव आणि ७.० ही आवृत्ती, मग कार्डाची ओळख, कार्डाचा क्रमांक ७, आणि त्यानंतर डिस्कच्या निर्मात्याचे नाव येते. पुढे ‘डोमेन व्हॅलिडेशन’ सुरू झाल्याचा आणि संपल्याचा संदेश येतो. ही फीत प्रत्यक्षात किती वेग पेलते याची ड्रायव्हरने घेतलेली चाचणी आहे. चाचणीत अपयश आल्यामुळे वेग उतरवल्याचे लिहिले असेल, तर पुढे जाऊ नये आणि टोके पुन्हा तपासावीत.

‘पॅरिटी एरर’ असे शब्द आले तर फीत किंवा टर्मिनेशन संशयित धरावे. आणि ‘डम्प कार्ड स्टेट बिगिन्स’ या मथळ्याखाली आकड्यांच्या ओळीच्या ओळी पडद्यावर धावू लागल्या, तर पाहणाऱ्याला वाटते की कार्ड संपले. प्रत्यक्षात डिस्कने वेळेत उत्तर दिले नाही म्हणून ड्रायव्हरने कार्डाची त्या क्षणाची स्थिती नोंदवलेली असते. त्या आकड्यांचा अर्थ लावत बसण्यापेक्षा त्यांच्या लगेच आधीची ओळ वाचावी. कोणत्या क्रमांकाच्या उपकरणावर काम अडले ते तिथे बहुधा कळते. त्या वेळी यंत्र बंद करून फीत बदलावी किंवा स्कझीसिलेक्टमध्ये वेग आणखी एक पायरी खाली आणावा.

प्रतिमा घेणे

डिस्क दिसली की ती लगेच उघडून पाहण्याचा मोह आवरावा. ‘ब्लॉकडेव्ह’ या आज्ञेने ती केवळ वाचनासाठी करावी, आणि ‘जी-डी-डी-रेस्क्यू’ हे पॅकेज बसवून त्यातल्या डी-डी-रेस्क्यूने संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलीतली हुबेहूब नक्कल, साटा डिस्कवर घ्यावी. पहिल्या फेरीत वजा-एन हा पर्याय द्यावा, म्हणजे खराब जागांवर अडून न बसता बाकीचे आधी उतरते. कोणता भाग उतरला याची नोंद ठेवणाऱ्या नकाशा-फाइलचे नावही द्यावे, म्हणजे काम मधेच तुटले तरी तिथूनच पुढे चालू होते. खराब जागा असल्या तर दुसऱ्या फेरीला कित्येक तास लागू शकतात. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद राहण्याची शक्यता असते, तेव्हा तो वार सोडून काम काढावे आणि यंत्र यूपीएसवर ठेवावे.

पुढचे सगळे पाहणे प्रतिमेवर करावे. मॅकिंटॉशची डिस्क असेल तर विभाग एच-एफ-एस या मॅकच्या जुन्या प्रकारचा निघतो. लिनक्समध्ये तो जोडता येतो, आणि तोही केवळ वाचनासाठी जोडावा. आतली पाने श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतील, तर ती आजच्या युनिकोड फाँटमध्ये निरर्थक अक्षरांसारखी दिसतात. मजकूर खराब झाला असे समजून प्रतिमा टाकून देऊ नये, आणि डिस्कवरच्या फाँटच्या फाइलीही सोबत उतरवून ठेवाव्यात.

प्रतिमेतल्या दोन-चार फाइली उघडून पाहिल्यावर यंत्र रीतसर बंद करावे. आतल्या फितीवरची डिस्क चालू यंत्रातून काढायची नसते; पंखे थांबल्यावर आधी विजेची पिन आणि मग फीत सोडवावी.