जानापावचा डोंगर आणि कळलावीचं फूल: कोणती लेन्स, कधी, कशी

श्रावण लागला की आम्हा इंदूरकरांची गाडी महूच्या पुढे जानापावकडे वळते. चंबळेचा उगम असलेला हा विंध्याचा डोंगर. वाटेवर तेरडा, कुर्डू आणि शोधलीत तर झुडपात चढलेली कळलावी. पण घरी येऊन फोटो पाहावेत तर फूल ठिपक्याएवढं आणि डोंगर धुक्यातला करडा पट्टा. म्हणून लेन्स लावण्याआधी एवढं ठरवा: फूल आणि डोंगर दोन्ही हवेत, नुसतं फूल हवं, की नुसत्या डोंगररांगा?

दोन्ही हवेत तर वाइड लेन्स लावा. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 24 मिमी लेन्सचं अपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र, एफ/11 ला ठेवून 1.8 मीटरवर फोकस केला, तर साधारण 90 सेंटीमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. अडचण अशी की 90 सेंटीमीटरवरून कळलावी अगदी लहान दिसते. तेव्हा चिखलाची पर्वा न करता गुडघे टेका आणि लेन्स फुलाच्या उंचीला आणून एक फुटावर जा. आता फूल चौकटीच्या उंचीचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापेल, पण डोंगर पुसट होईल. मग ट्रायपॉड न हलवता दोन फोटो घ्या, एक फुलावर फोकस करून, एक डोंगरावर, आणि संगणकावर जोडा. वारा असेल तर हा खटाटोप सोडा. फूल स्पष्ट ठेवा, डोंगराचा नुसता आकार कळला तरी चित्र उभं राहतं.

टिल्ट-शिफ्ट लेन्स फोकसची पातळीच तिरकी करते, त्यामुळे जवळच्या गवतापासून दूरच्या कड्यापर्यंतची जमीन स्पष्ट येऊ शकते. लेन्स महाग आहे. सुरुवातीला विकत घेऊ नका, भाड्याने मिळाली तर वापरून पाहा.

नुसत्या फुलासाठी 100 मिमीच्या आसपासची मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून मोठं चित्र घेणारी लेन्स, घ्या. कळलावी नीट बघा: पाकळ्या मागे वळून वर गेलेल्या, कडा नागमोडी, सहा पुंकेसर बाहेर पसरलेले आणि स्त्रीकेसराची दांडी बुडाशीच काटकोनात वळलेली. पानाचं टोकसुद्धा तणाव्यासारखं गुंडाळलेलं असतं. फूल चौकटभर घेतलं की एफ/11 लाही जेमतेम 8 मिलिमीटर खोली स्पष्ट येते. सगळं फूल त्यात मावणार नाही, तेव्हा काय स्पष्ट हवं ते निवडा आणि कॅमेऱ्याची पाठ त्या भागाला समांतर धरा. मी बहुतेक वेळा परागकोश निवडते. शटरचा वेग 1/250 सेकंदाच्या खाली नेऊ नका. सोबतीला कुणी असेल तर वाऱ्याच्या बाजूने छत्री धरायला सांगा. पांढरी छत्री असेल तर उन्हात प्रकाशही मऊ पडतो.

मॅक्रो लेन्स नसेल तर 50 मिमी लेन्सला 25 मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लावा, वस्तू सेन्सरवर तिच्या निम्म्या आकाराएवढी उमटते. फक्त इलेक्ट्रॉनिक जोडणी असलेली ट्यूब घ्या, नाहीतर बहुतेक कॅमेऱ्यांवर अपर्चर बदलता येत नाही.

पावसात पानं ओली असतात आणि त्यांची चमक हिरवा रंग खाऊन टाकते. पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा चमक कापणारा फिल्टर) फिरवत बघा, चमक कमी झाली की थांबा. प्रकाशही घटतो, तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवा.

डोंगररांगांचं काम सोपं. माथ्यावर जाऊन 70-200 मिमीची झूम लेन्स लावा आणि दक्षिणेला नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या रांगा 200 मिमीवर घ्या, त्या एकामागे एक दाटून येतात. सर थांबल्यावर हवा धुतलेली असते, तेव्हा घाई करा.

एकदा मी कॅमेरा एसी गाडीतून तसाच बाहेर काढला. काचेवर वाफ धरली आणि ती जाईपर्यंत ऊन निघून गेलं. तेव्हापासून बॅग डिकीत असते आणि पोहोचल्यावर वीस मिनिटं तिची चेन उघडत नाही.

फोटोसाठी फूल तोडू नका, आड येणारं गवत हाताने वाकवून धरा. कळलावी सर्वांगाने विषारी आहे, विशेषतः कंद. परतताना आम्ही महूला पोह्यांना थांबतो, त्याआधी साबणाने हात धुतो.